पडलेल्या पानांचा हिशेब

१९६३ साली सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला. आत मंडळी पैसे लावून रमी खेळत होती. खटला एकेक पायरी चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात जे म्हटलं, ते आपल्याकडच्या कुठल्याही पत्तेबाजाने चौकटीत घालून भिंतीवर लावावं असं आहे. रमी ही तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची बाब नव्हे, कारण तिच्यात कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवावं लागतं, आणि कोणतं धरायचं, कोणतं सोडायचं याला डोकं लागतं. म्हणजे आरोपींना वाचवणाऱ्या गोष्टींपैकी एक होती स्मरणशक्ती.

आपल्या घरांत हे कुणाला कोर्टाने सांगायची गरज नव्हती. मेंढीकोटात चार दश्श्यांपैकी किती उतरल्या हे ज्याला ठाऊक नाही, त्याला भिडू मिळत नाही. हुकूम न मोजता खेळणाऱ्याला भरल्या घरात ऐकून घ्यावं लागतं, ‘पत्ते खेळतोयस की शेंगा सोलतोयस?’ सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात तर दहा रंगांची १२० पानं, हुकूम नाहीच. तिथे गेलेली पानं डोक्यात नसतील तर माणसाने नुसतं बघत बसावं.

हाच गुण घेऊन माणूस कॅसिनोच्या टेबलाशी बसला की मात्र गणित फिरतं. ब्लॅकजॅकमध्ये पडलेली पानं मनातल्या मनात मोजणं हा भारतात गुन्हा नाही, अमेरिकेतही नाही. पण मोजतोय असं दिसलं की कॅसिनोवाला खेळ थांबवतो. त्यामुळे मोजणाऱ्याचं निम्मं आयुष्य मोजण्यात जातं आणि उरलेलं निम्मं न मोजण्याचं सोंग करण्यात. माझ्या मते खरी विद्या ही दुसरीच. पहिली महिन्याभरात येते.

हे मी छातीठोकपणे म्हणतो, कारण माझ्या आतेभावाला ती येताना पाहिली आहे. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासतो आणि पौडला आत्याकडे राहतो. दोन्ही गावं एकाच मुळशी तालुक्यातली. या तालुक्याला पत्ते नवे नाहीत. शेतघरं आणि रिसॉर्टं वाढली तशी ‘जुगार अड्ड्यावर छापा, रोख रकमेसह मुद्देमाल जप्त’ ही बातमीही रुळली. छाप्यामागचा कायदा १८८७ चा आहे. त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहेच. आणि याच राज्यात १९७६ पासून कॅसिनोला परवानगी देणारा एक पूर्ण कायदा कागदावर होता. विधिमंडळाने केलेला, पण कुठल्याच सरकारने अंमलात न आणलेला. तो लागू करा म्हणून लोक उच्च न्यायालयातही गेले. अखेर २०२३ मध्ये राज्याने तो रद्दच करायचं ठरवलं. एकही टेबल न लागता कॅसिनोचा कायदा सत्तेचाळीस वर्षांचा होऊन गेला, हा आपला खास प्रकार. त्यामुळे हिंजवडीच्या पोरांचा शुक्रवार रात्री गोव्याच्या बसमध्ये सुरू होतो.

तर मोजणं. एका रविवारी आत्याच्या ओट्यावर आतेभावाने पत्त्यांचा जोड पिसला, न बघता एक पान काढून माझ्या मांडीखाली ठेवलं आणि बाकीची ५१ पानं दोन-दोन करत भराभर उलटत गेला. ओठ हलत नव्हते. शेवटचं पान टाकून म्हणाला, “तुझ्याकडे मोठं पान आहे. दश्शी, चित्र नाहीतर एक्का.” मी काढलं तर किलवरची राणी. आत्या आतून म्हणाली, “जादू करतोयस की अभ्यास?”

जादू नव्हती. दुर्री, तिर्री, चौकी, पंजी, छक्की यांतलं पान दिसलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीकडे दुर्लक्ष. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की उणे एक. लहान पानं वीस, मोठीही वीस, म्हणून सबंध जोडाची बेरीज शून्य यायला हवी. ती अधिक एक आली, म्हणजे एक मोठं पान बाहेर राहिलंय. दोन-दोन पानं एकदम बघायचं कारण असं, की राणी आणि पंजी जोडीने आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात, डोक्याला काम उरत नाही. अर्ध्या मिनिटात जोड संपला पाहिजे, हा या विद्येचा दाखला. आतेभाऊ सत्तावीस सेकंदांवर आला होता आणि त्याचा त्याला ऑफिसातल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान होता.

मोठी पानं उरलेली असणं खेळणाऱ्याच्या फायद्याचं का, हे नीट समजून घ्यावं. खेळ एकवीसचा. तुम्ही कधीही थांबू शकता. डीलरला मात्र सोळापर्यंत पान घ्यावंच लागतं. बारा-तेरावर अडकलेल्या डीलरला दश्शी किंवा चित्र आलं की तो फुटतो. शिवाय एक्का आणि दश्शी किंवा चित्र पहिल्या दोन पानांतच आलं तर तुम्हाला दोनास तीन मिळतात, पण डीलरला तसंच आलं तर तो तुमच्याकडून फक्त लावलेली रक्कम घेतो. म्हणून गंजात मोठी पानं दाट झाली की पारडं तुमच्याकडे, लहान दाट झाली की घराकडे. सहा जोड म्हणजे ३१२ पानं असतील तर नुसती बेरीज पुरत नाही, उरलेल्या जोडांनी भागावं लागतं. बेरीज अधिक सहा आणि तीन जोड उरले, तर खरा आकडा दोन. काहीही न मोजता नियमाप्रमाणे अचूक खेळणारा माणूस साधारण अर्धा टक्का मागे असतो. भागाकाराचा प्रत्येक एक त्याला अंदाजे अर्धा टक्का पुढे ढकलतो. म्हणजे दोनला तुम्ही अर्धा टक्का वर. हजार रुपये लावले तर सरासरी पाच रुपये. ज्यावर सिनेमे निघाले ती मोजणाऱ्याची कमाई ही एवढी. म्हणूनच चांगली वेळ आली की रक्कम वाढवणं भाग पडतं, आणि पकडला जातो तो तिथेच.

हे सगळं सिद्ध केलं ते एका गणितज्ञाने. त्याआधी १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटर यंत्रांवर अचूक खेळाची पद्धत मांडली होती. एमआयटीत शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी ती वाचली, आयबीएम ७०४ या संगणकावर हिशेब चालवला आणि पडलेल्या पानांनुसार उरलेल्यांचं पारडं किती झुकतं ते काढलं. १९६१ मध्ये त्यांनी ते अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे वाचलं, दुसऱ्यांच्या दहा हजार डॉलरवर नेवाडात जाऊन खेळून पाहिलं आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढलं. लास वेगासच्या कॅसिनोंनी १९६४ मध्ये घाबरून नियम आवळले. गंमत अशी, की त्याने मोजणारे नाही, साधी गिऱ्हाईकं पळाली, आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. पुस्तक वाचून आपल्याला मोजता येतं असं समजणाऱ्या, पण प्रत्यक्षात न येणाऱ्या लोकांनी पुढे कॅसिनोंचा धंदा वाढवलाच. अर्धवट ज्ञान हे घराचं सगळ्यात भरवशाचं उत्पन्न.

थॉर्पसाहेबांना स्वतःला मात्र ओळखू लागले. मग दाढी वाढवणं, काळा चष्मा लावणं आलं. गणिताच्या प्राध्यापकाला नटाचं काम करावं लागलं, आणि तिथून या विद्येचा दुसरा भाग सुरू झाला.

कॅसिनोवाला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते बघू शकत नाही. तो फक्त पैसा बघतो. छताच्या कॅमेऱ्यामागे बसलेला माणूस तीच पानं स्वतः मोजत जातो आणि तुमची रक्कम बेरजेबरोबर चढते-उतरते का, एवढंच तपासतो. वीस मिनिटं जुळली तर संशय, तासभर जुळली तर खात्री. बाकी खुणा लहान. फुकटची दारू न पिणं, शेजाऱ्याच्या पानांवरही नजर फिरणं, टाकलेल्या पानांच्या ट्रेकडे अंदाज घ्यायला बघणं. आणि डीलरचा एक्का उघडा असताना त्याच्या एकवीसविरुद्ध घ्यायचा ‘इन्शुरन्स’ एरवी कधीही न घेता नेमका मोठ्या रकमेलाच घेणं.

यावरचे उपाय मोजणाऱ्यांनी शोधले आणि प्रत्येक उपायाला किंमत पडली. रक्कम एकदम पाचपट न करता जिंकलेले चिप्स तिथेच राहू द्यायचे, म्हणजे वाढ जिंकण्याच्या भरात झाल्यासारखी वाटते. हरल्यावर लगेच वाढवायची नाही. पाऊण तासात उठायचं. मुद्दाम एखादा मूर्खपणाचा डाव खेळायचा. पण मुळात फायदा एका टक्क्याच्या आसपास. त्यातून नाटकाला पाव टक्का दिला, तर उरलं काय? बरेच जण सोंगात इतके रमतात की शेवटी सोंगच उरतं, आणि दारूडा जुगाऱ्याचं सोंग करणारा माणूस दारूड्या जुगाऱ्याइतकाच हरून येतो.

सत्तरच्या दशकात अल फ्रान्सिस्को याने तोड काढली. मोजणारा आणि पैसे लावणारा वेगळा. टेबलाटेबलांवर बसलेले मोजणारे रात्रभर लहानात लहान रक्कम लावत राहणार. पारडं झुकलं की एकजण खूण करणार, आणि एक श्रीमंत, बडबड्या, बेफिकीर गृहस्थ तिथे येऊन मोठ्या रकमा लावून जाणार. कॅमेऱ्याला काय दिसतं? एकजण कधीच वाढवत नाही, दुसरा कधीच कमी करत नाही. केन उस्टन हा शेअर बाजारातला मोठा अधिकारी या टोळीत आला, गाजला आणि ओळखलाही गेला. मग वेषांतरं, मग कोर्ट. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ मोजतो म्हणून कॅसिनोने त्याला आपल्या मर्जीने दाराबाहेर काढू नये. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हीच पद्धत पुढे नेली; ‘२१’ हा २००८ चा सिनेमा त्यांच्यावरच्या पुस्तकावरून निघाला आणि माझ्या आतेभावाला हे वेड त्याच सिनेमाने लावलं. कॉलेजात असताना पाहिला होता म्हणे.

मला मात्र हे वाचताना वेगास आठवत नाही, वनपर्व आठवतं. पुष्कराबरोबर फासे खेळून राज्य घालवलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन राहतो. रथ धावत असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून सांगतो, दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळ रथ थांबवतो, मोजून बघतो, आकडा जुळतो. मग राजा त्याला फाशांचं रहस्य, अक्षहृदय, देतो आणि त्याच्याकडून घोड्यांची विद्या घेतो. ज्या झाडाची पानं मोजली ते बेहड्याचंच असावं, यातही मेख आहे; वेदकाळी जुगाराचे फासे म्हणजे याच झाडाची फळं. पुण्यात जन्मलेले आणि कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकवणारे संख्याशास्त्रज्ञ वि. प्र. गोडंबे यांनी या कथेकडे इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाचं लक्ष वेधलं होतं. अंदाजाने पानं मोजणं आणि फासे जिंकणं ही एकाच विद्येची दोन टोकं आहेत, हे युरोपात संभाव्यतेचं शास्त्र आल्यावरही लोकांना उमगायला वेळ लागला. इथे एका कथाकाराला ते सुचलं होतं. हॅकिंग यांच्या १९७५ च्या पुस्तकात याचा उल्लेख आहे.

पुढचं अधिक मजेशीर. नळाची ही गोष्ट वनवासात बृहदश्व ऋषी धर्मराजाला सांगतात आणि शेवटी अक्षहृदय त्यालाही शिकवतात. मग अज्ञातवासात तो कोण होऊन राहतो? कंक. विराटाच्या दरबारातला फासे खेळणारा ब्राह्मण. वाईला आपल्याकडे विराटनगरी म्हणतात, तिथे हे घडलं असं मानणारे आहेत. फाशांत सर्वस्व हरलेला राजा, आता विद्या हाती असताना, दुसऱ्याच नावाने, राजाची करमणूक म्हणून वर्षभर फासे टाकत बसतो. आणि मार खातो तो जिंकल्याबद्दल नाही, बोलल्याबद्दल. विराट आपल्या पोराचं कौतुक करत असताना कंक बृहन्नडेचं नाव घेतो, आणि राजा हातातला फासा त्याच्या नाकावर फेकून मारतो. सोंग करणाऱ्याने तोंड बंद ठेवावं, हे टेबलावरचे जुने खेळाडू आजही सांगतात.

मुळशीहून गोव्याला जायचं तर एक रस्ता ताम्हिणीने माणगावला उतरतो. घाटात बेहड्याची झाडं आहेत; त्रिफळ्यासाठी लोक फळं गोळा करतात, फाशांसाठी कुणी नाही. मग महामार्गाने सावंतवाडी, जिथल्या राजवाड्यात गंजिफा अजून हाताने रंगवतात. बांदा आणि पत्रादेवी ओलांडली की कायदा बदलतो. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनला वाट करून दिली गेली, आणि १९९६ मध्ये जहाजावरच्या टेबलांना. म्हणून पणजीत मांडवीच्या पात्रात डेल्टिन रॉयल, कॅसिनो प्राइड, बिग डॅडी अशी नावं रात्रभर लुकलुकतात आणि माणसं लहान बोटींतून त्यांच्याकडे जातात. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. बाहेरच्यांनी यावं, हरावं आणि जावं, असा सरळ व्यवहार.

आतेभाऊ त्यातल्या एका बोटीवर बसला. कोणत्या, ते सांगत नाही. पहिला तास त्याने लहान रकमांवर काढला. बेरीज चढली तशी रक्कम वाढवली, जिंकला, पुन्हा वाढवली. तिसऱ्यांदा वाढवताच डीलरने अर्धा गंज शिल्लक असताना पानं पिसायला घेतली. सूट घातलेला एक गृहस्थ येऊन हसून म्हणाला, “सर, वर जेवण लागलंय, बघा तरी.” एवढंच. ना आवाज चढला, ना कुणी हात धरला. “मला वाटलं सिनेमातल्यासारखं मागच्या खोलीत नेतील,” आतेभाऊ म्हणाला. “पनीर खाऊन परत आलो.”

त्याची निराशा मला समजते, पण कॅसिनोवाल्याने मारामारी करावीच का? त्याच्याकडे स्वस्त उपाय आहेत. गंजात जे कोरं प्लॅस्टिकचं पान खोचतात, तिथपर्यंतच डाव चालतो. ते सहा जोडांच्या मध्यावर खोचलं की बेरीज वर चढायच्या आतच पिसणं येतं. त्याहून सोपं म्हणजे वापरलेली पानं लगेच परत घेऊन सतत पिसत राहणारं यंत्र. त्यात भूतकाळच उरत नाही, मोजणार काय? मधेच येऊन बसायला मनाई केली की फ्रान्सिस्कोचा बडबड्या गृहस्थ दारातच अडतो. आणि दोनास तीनऐवजी पाचास सहा द्यायला लागलं, तर मोजणाऱ्याचा सगळा फायदा त्या एका नियमातच जातो, तेही टेबलावर छापून, राजरोस.

त्यात आपल्याकडे सरकारही टेबलाशी बसतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर खेळणाऱ्यावर पडला असं धरा. एक लाखाचे चिप्स, चाळीस हजार कर. टक्काभर फायद्याने ते भरून काढायचे तर त्याच चिप्सची उलाढाल चाळीस लाखांची व्हावी लागते, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर. आणि जिंकलात तर प्राप्तिकर ३० टक्के. त्यात जुगारातला तोटा वजा करता येत नाही. आता मोजणाऱ्याच्या हिशेबात हे टाकून बघा. त्याचा धंदा असा की आज एक लाख आले, उद्या ९५ हजार गेले, हातात पाच राहिले, आणि अशा शंभर रात्रींनंतर बेरीज थोडी वर. सरकार मात्र आलेल्या लाखावर तीस हजार मागणार, गेलेल्या ९५ हजारांकडे बघणार नाही. पाच हजार कमावून तीस हजार भरा. कॅमेऱ्यापासून लपता येईल, डीलरला गुंगवता येईल, पण या आकड्यापुढे कुठलं सोंग चालणार?

रमी खेळणाऱ्याला न्यायालयाने जे श्रेय दिलं, ते ब्लॅकजॅकवाल्याला भारतात अजून कुणी देऊन बघितलेलं नाही. खरं तर पडलेली पानं लक्षात ठेवणारा एक माणूस टेबलाशी बसला की तोच खेळ त्याच्यापुरता कौशल्याचा होतो आणि शेजारच्यापुरता नशिबाचा राहतो. वकिलांना यावर चांगली बैठक मारता येईल. कॅसिनोला मात्र ती वेळ येऊ द्यायची नसते. त्याला फक्त दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक हवं, आणि पहिल्या प्रकारच्याला तो वर जेवायला पाठवतो.

आतेभाऊ आता बोटीवर जात नाही. त्याने लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम लिहिलाय. सहा जोड, सगळे नियम, मोजणी, रक्कम वाढवायची पायरी, अगदी सोंगासाठी मधूनमधून खेळायचे चुकीचे डावसुद्धा. रात्री लावून ठेवतो, सकाळपर्यंत लाखो डाव होतात, आलेख हळूहळू वर सरकलेला दिसतो. गेल्या वर्षी त्याने त्यात जीएसटी आणि प्राप्तिकर घातला. आलेख पहिल्या रात्रीच खाली गेला आणि नंतर वर आलाच नाही. आत्याने विचारलं, “मग आता काय करतोस रे?” तर म्हणाला, “कराच्या दोन ओळी बंद करून चालवतो.”